गॅसवाले नाना

साठी उलटल्यावर छंद लागलेला माणूस प्रत्येक गोतावळ्यात एक तरी असतो. कुणी पेटी आणतो आणि भूपाच्या आरोहातच शेजाऱ्यांचा अंत बघतो. कुणी गच्चीत ड्रॅगनफ्रूट लावतो. कुणी मोडी शिकतो आणि मग वाण्याची यादीसुद्धा मोडीत लिहितो, जी वाण्यालाही वाचता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःलाही नाही. या मंडळींना ओळखायची खूण सोपी आहे. ‘काय, कसं काय?’ असं विचारलंत की ते स्वतःच्या तब्येतीचं सोडून छंदाच्या तब्येतीचं सांगू लागतात. आमच्या लीड्सच्या मराठी मंडळींत हा मान नानांकडे आहे. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी नाना मोटरसायकल घेऊन दगडांवर चढायला लागले.

मोटरसायकल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लेदरचं जाकीट, मोकळा रस्ता आणि लडाख उभं राहतं. नानांना याचा मनापासून राग येतो. त्यांच्या खेळाचं नाव ट्रायल्स. त्यांच्या गाडीला बसायला सीटच नाही. जिथं सीट असायची तिथं एक खोलगट पत्रा आहे आणि त्यावर बसायचा विचारही करू नये. सगळा कारभार उभ्यानं. वेग माणसाच्या चालीइतका, कधी त्याहूनही कमी.

‘वेग?’ नाना भुवया उंचावतात. ‘वेग कुणालाही जमतो रे. हँडल पिळलं की झाला वेग. हळू जाऊन दाखव.’

एवढं बोलून ते तुमच्याकडे बघत थांबतात. तुम्ही ‘म्हणजे कसं?’ असं विचारण्याची वाट बघत असतात. विचारू नका. विचारलंत तर पुढचं वाक्य ठरलेलं आहे: ‘तत्त्व सोपं आहे.’ नानांनी ‘तत्त्व सोपं आहे’ म्हटलं की जेवणं लांबतात, आमट्या गार होतात आणि टेबलावरचे चमचे, लोणच्याची बरणी आणि तुमचा मोबाइल यांचं डोंगर-दऱ्यांत रूपांतर होतं. मीठदाणी म्हणजे नाना.

पण तत्त्व खरंच सोपं आहे, हे कबूल केलं पाहिजे. ओढ्यात, खडकांच्या राशीत, झाडांच्या मुळांवरून, चिखलाच्या चढावर खुणा लावून एक छोटी वाट आखलेली असते. तिला ‘सेक्शन’ म्हणतात. पाय न टेकता गाडी त्यातून बाहेर काढायची. एकदा पाय टेकला (याला ‘डॅब’ म्हणतात) तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्यापुढं कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा खुणांच्या बाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. अजिबात पाय न टेकता पार झालात तर शून्य, आणि त्या शून्याला म्हणायचं ‘क्लीन’. दिवसभरात असे तीसचाळीस सेक्शन. प्रत्येक सेक्शनपाशी एक निरीक्षक घडीची खुर्ची टाकून, मांडीवर पाटी आणि पायाशी चहाचा थर्मास घेऊन पावसात बसलेला असतो. त्याला पगार नाही, मानधन नाही. त्याचा निर्णय मात्र अंतिम.

काकूंचं यावरचं मत सगळ्या मंडळाला पाठ आहे. ‘चाळीस वर्षं मी ह्यांना सांगत आले, पाय जमिनीवर ठेवा. तर ह्यांनी हुडकून हुडकून खेळ कुठला काढला? पाय जमिनीला लागला की दंड!’

नाना मूळचे मिरजेचे. तिथल्याच सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले, मग इकडे यॉर्कशरला आले आणि पस्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून राबले. इथल्या हॉस्पिटलांत भूल देणाऱ्याला गमतीनं ‘गॅसमन’ म्हणतात. तेव्हा निवृत्तीनंतर त्यांनी जी सेकंडहँड गाडी घेतली ती स्पेनमधल्या जिरोनाकडची ‘गॅसगॅस’ निघावी, हा योगायोग की नानांचा विनोद, हे ठरवणं कठीण आहे. विचारलं तर म्हणतात, ‘आधी एकदा गॅस होता, आता दोनदा.’ आणि स्वतःच हसतात. हा विनोद त्यांनी प्रत्येकाला ऐकवलेला आहे. ज्यांना ऐकवलाय त्यांना परत ऐकवलेला आहे.

मोटरसायकलशी त्यांचं आधीचं नातं म्हणाल तर मिरजेतली येझदी. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर होते, तो दांडा आत दाबून उभा केला की किक, खाली पाडला की गिअर. नाना अजूनही त्या दांड्याबद्दल हळवे होऊन बोलतात. काकूंच्या आठवणी वेगळ्या आहेत. त्या येझदीवरून सांगलीला सिनेमाला जाताना त्यांची नवी साडी चाकात गेली होती. म्हणून चाळीस वर्षांनी नाना जेव्हा म्हणाले, ‘अगं, मी मोटरसायकल घेतोय,’ तेव्हा काकूंनी पहिला प्रश्न विचारला, ‘मागं सीट आहे?’ नाना म्हणाले, ‘पुढंही नाही.’ काकू म्हणाल्या, ‘मग घ्या.’

हे वेड लागलं कुठून, तर फिरायला जाण्यातून. डॉक्टर लोक निवृत्त झाले की एकमेकांना चालायला सांगतात. नाना आणि काकू इल्कलीच्या माळावर चालत होते आणि खालच्या ओढ्यातून एक म्हातारा मोटरसायकलवर उभा राहून, दगडावरून दगडावर, कुठेही घाई न करता वर आला. हेल्मेट काढलं तर सत्तरीपुढचा. त्यानं नानांना ‘ऑल राइट, लव्ह?’ असं विचारलं. यॉर्कशरमधली जुनी माणसं बाई-पुरुष, ओळखी-अनोळखी सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणतात. काकूंना ते पहिल्यांदा इथल्या भाजीवाल्यानं म्हटलं होतं, तेव्हा त्या भाजी तशीच टाकून घरी आल्या होत्या. आता सवय झाली. तर तो म्हातारा पुढे निघून गेला आणि नाना तिथंच उभे राहिले. काकू सांगतात, ‘तेव्हाच मला कळलं. आमच्या लग्नाच्या वेळी सुद्धा हे इतके टक लावून बघत नव्हते.’

मग शिकणं सुरू झालं. बागेतल्या हिरवळीवर दोन कुंड्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढायचा, हँडल पार एका बाजूला मुडपून, उभ्यानं, क्लचवर एक बोट आणि ब्रेकवर एक बोट. गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेरच्या पावलावर तोलायचं. ‘तत्त्व सोपं आहे,’ नाना मला म्हणाले आणि काकूंच्या मेथीच्या वाफ्यात गेले. त्यांना लागलं वगैरे काही नाही. या खेळात माणूस पडतो तोच मुळी इतका सावकाश, की पडता पडता त्याला क्षमा मागायला वेळ मिळतो. नानांनी मागितली. पण ती काकूंची नाही, मेथीची.

पहिल्या महिन्यात नाना घरातला जिना उलटे उतरत होते. मांड्या धरायच्या. हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. विचारलं तर सांगायचे, ‘उलटं चालल्यानं मेंदूला चालना मिळते.’ छंदवाल्या माणसाचं हे दुसरं लक्षण: छंदापायी होणारा प्रत्येक त्रास हा मुळात आरोग्यासाठीच घेतलेला असतो.

आणि नाना तर डॉक्टर. पुरावा हाताशी. २०२२ साली ब्राझीलमधल्या एका पाहणीचा निष्कर्ष छापून आला होता. त्यात एकावन्न ते पंचाहत्तर वयाच्या लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं आणि ज्यांना ते जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. नानांना हे सापडलं आणि त्या वर्षीची दिवाळी आम्हाला जड गेली. फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच एका पायावर उभं केलं जाई. लीड्स आणि ब्रॅडफर्डमधली सभ्य, घरदार असलेली, दोन-दोन नातवंडांची माणसं नानांच्या दिवाणखान्यात एका हातात चिवड्याची बशी, दुसऱ्यात करंजी घेऊन बगळ्यासारखी उभी होती आणि नाना घड्याळ लावून मोजत होते. मोजायचे ते दहापासून उलटे. जुनी सवय. दोघांना जांभयाही आल्या म्हणे.

शनिवारी संध्याकाळी नानांच्या गॅरेजमध्ये जायला मिळणं हा मान समजला जातो. तिथं पुढच्या दिवसाची तयारी चालते. गाडी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, ऐंशीला एक. बाकीचे गडी टोपणानं अंदाजे ओततात. नाना इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजतात. पाच लिटरला साडेबासष्ट मिली, त्यात अर्ध्या मिलीचीही तडजोड नाही. सिरिंज उजेडासमोर धरून बुडबुडा काढतात. ऑइलमधल्या बुडबुड्यानं गाडीला काय होणार आहे, हे मी एकदा विचारलं होतं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

मग टायर. साध्या मोटरसायकलच्या टायरमध्ये तीसच्या आसपास हवा असते. यांच्या मागच्या टायरमध्ये चार ते पाच. टायर इतका मऊ की दगडावर बसला की दगडाला कवटाळतो, म्हणून घसरत नाही. साध्या मापकाला एवढं कमी कळतच नाही, म्हणून वेगळा मापक. तो नाना स्टेथोस्कोपच्या जुन्या डबीत ठेवतात. मापक लावला की गॅरेजमध्ये बोलायचं नाही. काटा स्थिरावतो, नाना मान हलवतात, ‘साडेचार. छान आहे,’ असं गाडीला सांगतात, आणि क्षणभर वाटतं, आता ‘मीठ कमी करा’ म्हणणार.

रविवारी पहाटे डबे. थालीपीठ, लसणाची चटणी, दही, चहाचे दोन थर्मास, आणि एका वेगळ्या डब्यात निरीक्षकांसाठी शंकरपाळे. काकू याला लाच म्हणतात. नाना म्हणतात, संस्कृती. शंकरपाळ्यांनी आजवर एकही गुण कमी झालेला नाही हे खरं, पण डेल्समधल्या काही प्लंबर, शेतकरी आणि खाणावळवाल्यांना आता शंकरपाळ्याचा अचूक उच्चार येतो.

एक रविवार मी स्वतः पाहिला, तो सांगतो. ओढा होता. वरून पाऊस, खालून पाऊस. सेक्शन सुरू होताच डावीकडे तीव्र वळण, मग शेवाळ धरलेला एक सपाट दगड, त्यामागं गुडघ्याएवढी पायरी, आणि तिच्या माथ्यावर ओल्या मुळांचा गुंता असलेला काठ. सेक्शनमध्ये जाण्यापूर्वी तो पायी बघायची मुभा असते. बाकीचे एकदा बघतात. नाना तीनदा. घर विकत घ्यायला आलेला माणूस जसा नळ सोडून बघतो, भिंतीवर टकटक करतो, तसे ते दगडांवर पाय दाबून, मुळं बुटानं खरवडून, मागं जाऊन, बसून, पुन्हा उभे राहून बघत होते. शेजारून सगळे पार होऊन गेले.

शेवटी नाना गाडीवर उभे राहिले. मनगटाला दोरी, तिचं दुसरं टोक हँडलवरच्या चुंबकी बटणाला. पडलं की दोरी सुटते, इंजिन बंद. वळण निघालं, सुंदर निघालं. शेवाळी दगडावर मागचं चाक किंचित सरकलं, पण नानांनी गुडघे सैल सोडले आणि गाडी आपली आपण सावरली. मी चक्क श्वास धरला होता. पायरीशी आले, पुढचं चाक उचललं, ते वर बसलं, मागचंही चढलं. आता फक्त मुळं. तेवढ्यात नानांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. हसले. आणि डावा पाय टेकवायला म्हणून खाली सोडला, तर तिथं जमीन नव्हती. ओढा होता.

निरीक्षकानं खुर्चीतून न उठता पाचही बोटं पसरून हात वर केला. पाण्यात उताणे पडलेल्या नानांनी भिजल्या हेल्मेटमधून तो हात पाहिला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्याला वाटलं, भारतात हीच पद्धत असावी. त्यानं पण केला.

नानांचा गुरू दहा वर्षांचा आहे. एका शेतकऱ्याचा नातू, छोट्या गाडीवर असतो. त्या दिवशी तो ओढ्याच्या काठी येऊन म्हणाला, ‘तुम्ही चाकाकडे बघता. जिकडं जायचंय तिकडं बघा.’ एवढंच. नानांनी हे वाक्य शिरसावंद्य मानलं. इथवर ठीक होतं. पण ते आता सगळीकडे लावतात. कुणाच्या मुलीला नोकरी मिळत नाही, कुणाचं घराचं कर्ज चढलंय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलंय, नाना शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, ‘चाकाकडे बघू नकोस.’ मंडळाच्या हिशेबात तूट आली, तेव्हाही सभेत उठून हेच म्हणाले. खजिनदारानं विचारलं, ‘कुठलं चाक?’ त्यावर नाना म्हणाले, ‘तत्त्व सोपं आहे,’ आणि अध्यक्षांनी तातडीनं आरती सुरू केली.

यॉर्कशरच्या माणसांत नाना रमले, याचं मला नवल वाटत नाही. इथले लोक आणि पुण्याचे लोक एकाच मुशीतले. कौतुक करायचं तर पदरचं जातंय अशा बेतानं करतात. एखाद्यानं जीव ओतून काही केलं तर ‘नॉट बॅड’. पुण्यात ‘बरं आहे’. नानांना एकदा एका सेक्शनवर शून्य मिळालं तेव्हा त्या सत्तरीच्या म्हाताऱ्यानं (तोच, माळावरचा) मान अर्धा इंच हलवली. नाना तो अर्धा इंच अजून सांगतात. स्पर्धेत बहुधा शेवटून पहिले-दुसरे असतात. पन्नाशीवरच्यांचा गट वेगळा, त्यातही. निकालाचा कागद घरी फ्रिजवर लावतात आणि खालून वाचायला सुरुवात करतात.

मला वाटतं, यात एक गोष्ट आहे. पस्तीस वर्षं या माणसाच्या कामात चुकायला परवानगीच नव्हती. समोर झोपलेल्या माणसाचा श्वास याच्या बोटांवर. तिथं ‘एकच डॅब’ चालत नाही. आता दर रविवारी ते चारचौघांत भरपूर चुकतात, चूक मोजली जाते, कागदावर लिहिली जाते, आणि मग सगळे मिळून थालीपीठ खातात. शेवटच्या नंबरानं इतका खूश झालेला मराठी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याकडे दुसरा नंबर आला तरी घरात सुतक असतं.

त्यांचा इतिहासही पक्का आहे, आणि तो चुकवता येत नाही. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना हॉवर्थ बघायचं असतं, ब्राँटे बहिणींचं घर, ती माळरानं. नाना आनंदानं नेतात. फक्त कीथलीला रस्ता बदलतो आणि गाडी सिल्सडेनमध्ये उभी राहते. पाहुणे खिडकीतून बघतात: एक कालवा, एक चिप्सचं दुकान. ‘इथं कोण राहायचं?’ ‘लॅम्पकिन,’ नाना म्हणतात. ‘१९७५ साली ट्रायल्सची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती जिंकली मार्टिन लॅम्पकिननं. त्याचा मुलगा डगी, त्यानं १९९७ पासून सलग सात वेळा जिंकली. आणि २०१६ साली आइल ऑफ मॅनच्या शर्यतीचा अख्खा रस्ता, साठ किलोमीटरच्या वर, फक्त मागच्या चाकावर.’ पाहुण्यांपैकी एखादी मावशी कनवाळूपणे विचारते, ‘पुढचं पंक्चर होतं का हो?’

मग १९६५. जड ब्रिटिश एरियल सोडून हलकी स्पॅनिश बुल्टॅको घेतलेल्या सॅमी मिलरनं त्या वर्षी स्कॉटिश सिक्स डेज जिंकली आणि जड गाड्यांचे दिवस भरले. मग टोनी बू, जो २००७ पासून कुणाला जिंकूच देत नाही. हॉवर्थला पोचेपर्यंत म्युझियम बंद व्हायची वेळ झालेली असते.

मे महिना उजाडला की दोघं फोर्ट विल्यमला जातात, ती सहा दिवसांची स्पर्धा बघायला. किनलॉखलेव्हनला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी डोंगरावरून पाण्याचे प्रचंड पाइप आणले होते, त्यांच्या कडेनं एक चढ आहे, ‘पाइपलाइन’. नाना तिथं सकाळपासून जागा धरून उभे. काकू स्वेटर विणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या विणकामाच्या वहीत मला डाव्या बाजूला टाके आणि उजव्या बाजूला स्पर्धकांचे गुण दिसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हिवाळ्यात पुण्याला गेले की अजून पंचाईत. सिंहगडाच्या वाटेवर नाना प्रत्येक खडकाशी थांबतात. ‘ही पायरी निघेल. ही नाही. इथं पाच.’ लोक त्यांना सर्वेक्षण खात्याचे समजतात. शहरात तर रिक्षात बसल्या बसल्या गुण देणं चालू असतं. लक्ष्मी रोडवर सगळे दुचाकीवाले दोन्ही पाय जमिनीवर फरफटत चालवतात. ‘तीन. तीन. हा पण तीन. अरे, हिनं तर चप्पलच सोडली, पाच.’ एकदा मात्र मंडईपाशी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेला एक एम-एटीवाला गर्दीत जागच्या जागी थबकला, हँडल आडवं केलं, तोल धरून उभा राहिला आणि फट मिळताच सुळकन निघून गेला. पाय खाली नाही. नाना रिक्षातून अर्धे बाहेर येऊन ओरडले, ‘क्लीन!’ दूधवाल्यानं कॅनकडे बघितलं. म्हणाला, ‘रोज धुतो, काका.’

गेल्या हिवाळ्यात क्लबला निरीक्षक कमी पडत होते. हे सगळीकडेच होतं, फुकटात पावसात बसायला माणसं मिळत नाहीत. काकूंनी नाव दिलं. त्यांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. पहिल्याच रविवारी नियमांचं पुस्तक दोनदा वाचून, त्यात पिवळ्या खुणा करून गेल्या. स्वतःची छत्री, स्वतःची खुर्ची, पाटीला प्लास्टिक.

नाना त्यांच्या सेक्शनपाशी आले ते मिस्कील हसत. आले, वळले, चढले, आणि वरच्या बर्च झाडाला त्यांचा खांदा टेकला. जेमतेम. पाय दोन्ही जागेवर. बाहेर पडून त्यांनी विजयी मुद्रेनं मागं बघितलं. काकूंनी एक बोट वर केलं होतं.

‘एक? अगं, पाय कुठं लागला?’

‘खांदा लागला.’

‘खांदा घासला.’

‘टेकला. अंगाचा कुठलाही भाग टेकला तरी धरायचा. वाचून आलेय मी.’

‘तत्त्व असं आहे, की टेकणं म्हणजे भार देणं. मी भार दिला नव्हता. आधार घेतला नव्हता.’

‘अहो, तुम्ही आधार घेतला नाहीत, असं आयुष्यात एकदा तरी झालंय का?’ काकू पाटीवर लिहीत म्हणाल्या. ‘आणि रांग अडवू नका.’

‘निदान घरच्या माणसाला तरी—’

‘वाद घातला तर पाच देता येतात का, बघू का पुस्तकात?’

नाना गप्प बसून गाडी ढकलू लागले. मागं तो सत्तरीपुढचा म्हातारा इंजिन गुरगुरवत थांबला होता. काकूंनी छत्री सरळ केली, पाटीवरचं पाणी पदरानं पुसलं आणि त्याला हाक मारली, ‘कम ऑन, लव्ह!’